फेंडर प्लेअर २ स्ट्रॅट: फिंगरबोर्ड रोझवूडचा की मेपलचा?

ही इलेक्ट्रिक गिटार घेताना रंग पटकन ठरतो, गाडी अडते ती फिंगरबोर्डपाशी, म्हणजे तारांखालच्या, बोटं टेकतात त्या लाकडी पट्टीपाशी. २०१८च्या प्लेअर मालिकेत मेपल नाहीतर पाउ फेरो (रोझवूडसारखं दिसणारं लाकूड) मिळायचं. २०२४च्या प्लेअर २मध्ये पाउ फेरोच्या जागी रोझवूड परत आलं, आणि ते छान झालं. रोझवूड मागे पडलं होतं ते कागदपत्रांपायी. २ जानेवारी २०१७पासून डालबर्जिया (म्हणजे रोझवूडच्या) वंशातली सगळी झाडं साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली आली आणि परदेशी जाणाऱ्या वाद्यांना परवाने लागू लागले. २६ नोव्हेंबर २०१९ला तयार वाद्यांना सूट मिळाली (ब्राझिलियन रोझवूड वगळून). गिटारच्या बाजारात आज रोझवूड म्हणून मिळतं ते बहुतेक करून शिसव, आपल्या सह्याद्रीतही वाढणारं.

आवाजावरून मात्र निवडू नका. पिकअप (तारांखालचा चुंबकी भाग) तारेचं कंपन टिपतो, तार टेकते फ्रेटच्या (बोर्डावरच्या आडव्या पट्टीच्या) धातूवर, आणि नेक, म्हणजे गिटारचा दांडा, दोन्हींत मेपलचाच असतो. पिकअपचे स्क्रू थोडे वर-खाली केलेत तर याहून जास्त फरक ऐकू येईल.

खरा फरक हाताला कळतो. मेपलच्या बोर्डावर युरेथेनचा चकचकीत थर असतो. तार ओढताना बोटाचं टोक त्यावर घासतं, आणि जून-जुलैत मुंबई-कोकणात घामेजलेलं बोट तिथे चिकटतं. रोझवूडवर थर नसतो. बारीक छिद्रांचं उघडं लाकूड, कोरडंच लागतं. बाकी बोर्डाची ९.५ इंची गोलाई (त्रिज्या), मीडियम जंबो २२ फ्रेट आणि गोलसर केलेल्या कडा दोन्हींत सारख्याच.

निगा मेपलची सोपी: ओलसर कापडाने पुसा, संपलं. तेल लावू नका, थराखाली ते जातच नाही. रोझवूडला सहा महिन्यांतून एकदा वेळ द्यावा लागतो. तारा काढा, पिकअपवर टेप लावा (नाहीतर लोखंडाचा भुसा चुंबकांना चिकटतो आणि निघता निघत नाही), ०००० नंबरच्या स्टील वूलने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने मळ काढा. मग फिंगरबोर्डसाठीच्या तेलाचे चार-पाच थेंब चोळा आणि पाच मिनिटांनी सगळं पुसून घ्या. स्वयंपाकघरातलं तेल नको, ते खवट होतं. लिंबाचा रस तर नकोच.

रोज वाजवणाऱ्याला काही वर्षांनी फ्रेट बदलावे लागतात, तेव्हा मेपल महागात पडतं. जुना फ्रेट उपटताना युरेथेनचे टवके उडतात, म्हणून आधी कडेने धारदार पात्याने चीर द्यावी लागते. बोर्ड सपाट करायला घासला की थर जातो आणि पुन्हा फवारावा लागतो. रोझवूडला घासणं आणि तेल पुरतं. म्हणून भरपूर वाजवणाऱ्याने आणि हाताला घाम येणाऱ्याने रोझवूडच घ्यावं.

दुकानात तळहाताची कड नेकवरून खाली-वर फिरवा. फ्रेटची टोकं टोचली तर लाकूड सुकून आकसलंय. नागपूरच्या उन्हाळ्यात हे दोन्ही लाकडांत होतं. टोकं कानशीने घासून घेता येतात. नंतर तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून आठवा फ्रेट आणि तार यांच्यातली फट बघा: साधारण ०.२५ मिमी हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव वळसाच फिरवायला सांगा.

जुन्या प्लेअरवर पाउ फेरो दिसलं म्हणून ती नाकारू नका. रंग जरा फिका असतो, निगा रोझवूडसारखीच.