व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस: छोट्या सलूनला फुकटात किती पुरतं?

जाहिरातीला पैसे नसलेल्या सलूनने व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे दुकानांसाठीचं मोफत अ‍ॅप घ्यावं का? जुनं गिऱ्हाईक वेळेवर परत आणायचं असेल तर जरूर. नवीन गिऱ्हाईक शोधून देणं हे त्याचं कामच नाही. त्यासाठी गुगल मॅपवरचं मोफत प्रोफाइल वेगळं करावं लागतं. पण गल्ल्यातली मोठी तूट बहुतेकदा नवीन लोक न आल्याने पडत नाही, सहा आठवड्यांनी येणारी बाई दहा आठवड्यांनी उगवल्याने पडते.

अ‍ॅपमधली सर्वांत कामाची चीज म्हणजे लेबलं, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चॅटला लावायच्या नावाच्या चिठ्ठ्या. वीस करता येतात. ‘रंग १’ ते ‘रंग ६’ आणि ‘कट १’ ते ‘कट ४’ अशी दहा करा. या आठवड्यात रूट टचअप (मुळाशी वाढलेल्या केसांना रंग) केलेल्या सगळ्या जणी ‘रंग १’मध्ये, पुढच्या आठवड्यातल्या ‘रंग २’मध्ये. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे सहा आठवड्यांनी ‘रंग १’ची पाळी पुन्हा येते तोवर भांगात दीड-एक सेंटिमीटरचा पट्टा दिसायला लागलेला असतो. आठवडा सुरू होताच ते लेबल उघडायचं, प्रत्येकीला नावानिशी निरोप द्यायचा आणि नेमक्या दोन वेळा सुचवायच्या. ज्या दुपारी खुर्च्या रिकाम्या असतात, त्याच. ‘कधी येताय?’ विचारलं की ‘बघते’ एवढंच उत्तर येतं. आली नाही तर तिला ‘राहिलेल्या’ या अकराव्या लेबलात टाका, नाहीतर नव्या नावांत ती हरवते. आणि हो, आठवण अ‍ॅप करून देत नाही, लेबल आपणच उघडायचं असतं. इथेच बहुतेकांचा उत्साह दुसऱ्या महिन्यात मावळतो.

ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवण्याच्या सोयीवर, मात्र भिस्त ठेवू नका. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो निरोप पोचतच नाही, आणि तशी सूचनाही तुम्हाला मिळत नाही. स्टेटसचंही तेच. म्हणून गिऱ्हाइकाकडे तुमचा नंबर सेव्ह असायला हवा. त्याची सुरुवात अ‍ॅपमधल्या क्यूआर कोडच्या स्टिकरने करा. तो काउंटरवर नको, तिथे पैसे देऊन निघायची घाई असते. आरशाच्या खालच्या कोपऱ्यात लावा. रंग मुरेपर्यंत समोर बघण्यावाचून दुसरं काही नसतं. स्कॅन केल्यावर फक्त चॅट उघडतं, नंबर सेव्ह होत नाही, तेवढं तोंडानेच सांगावं लागतं. स्टिकर लॅमिनेट केलेला हवा, स्प्रेने शाई फुटते. अ‍ॅपमधून कोड ‘रीसेट’ केला की छापलेले सगळे जुने कोड बाद होतात, त्या बटणाला हात लावू नका.

क्विक रिप्लाय, म्हणजे आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, तयार ठेवा: दरपत्रक, पत्ता, आणि रंगाच्या आधी ४८ तास पॅच टेस्टला (रंगाची अ‍ॅलर्जी आहे का, हे त्वचेवर थोडासा लावून बघायला) या हे सांगणारा. हा तिसरा सर्वांत महत्त्वाचा. शिवाय पॅच टेस्टला आलेली व्यक्ती रंगाची वेळ तिथेच ठरवून जाते. कॅटलॉगमध्ये (अ‍ॅपमधल्या सेवांच्या यादीत) सेवेचा दर केसांच्या लांबीप्रमाणे तीन ओळींत लिहा; नुसतं ‘पासून पुढे’ लिहिलं की बिलाच्या वेळी वाद ठरलेला. आधी-नंतरचे फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच कोनातून काढा, आणि गिऱ्हाईकाला विचारूनच टाका.

निरोपात सूट देण्याचा मोह होतो. सवय लागली की पूर्ण दरात कोणी येत नाही. त्यापेक्षा मधल्या आठवड्यात पुढची झुलपं मोफत नीट करून द्या. दहा मिनिटांचं काम, आणि माणूस खुर्चीत येऊन बसतो.

अनोळखी नंबरांच्या याद्या विकत घेऊन धडाधड निरोप पाठवले तर लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि खातं बंद पडू शकतं. खातं उघडताना नंबर दुकानाचाच घ्या. लँडलाइनही चालते, पडताळणीचा कोड फोनवर ऐकून घेता येतो. कारागिराच्या खासगी नंबरावर सुरू केलं, तर तो सोडून जाताना सगळी लेबलं आणि गिऱ्हाइकं त्याच्याच खिशातून जातात.