रेझिन किट आठ महिने वापरून: माल चांगला, झाकण भिकार

जूनमध्ये याच इपॉक्सी रेझिनच्या किटला (दोन द्रव मिसळून साच्यात ओतायचे, पकून कडक होतं ते) मी पाच स्टार दिले होते, वर "काचेसारखं होतं, बिनधास्त घ्या" असंही लिहिलं होतं. ते "बिनधास्त" आधी मागे घेते. परवा आमच्या नाशिकच्या सिडकोतल्याच एका मुलीने तो रिव्ह्यू वाचून किट मागवलं आणि मला विचारलं, ताई ग्लोव्ह्ज लागतातच का हो? म्हणून हे सगळं लिहायला बसले.

किट नेहमीचंच, एक किलोचं, ३:१ वजनावर, म्हणजे ७५० ग्रॅम रेझिन आणि ते पक्कं करणारा २५० ग्रॅम हार्डनर, मला ११९० ला पडलं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, खरं सांगायचं तर दोन-तीन ब्रँडचं झाकण सेमच आहे.

रेझिनबद्दल तक्रार नाही. बबल पटकन निघतात, पिवळं अजून पडलेलं नाही, पहिली नेमप्लेट पाथर्डी फाट्याला नणंदेच्या दारावर आहे ती आजही लखलखीत आहे. लग्नातल्या वरमालेची फुलं रेझिनमध्ये बसवायच्या चार ऑर्डर केल्या, त्यातली एक फुलं नीट न वाळवल्यामुळे आतून काळी पडली, ती माझी चूक. पावसाळ्यात वर तेलकट थर यायचा, हात लावला की चिकट, तेव्हा मी माल डुप्लिकेट आहे म्हणून कंपनीला खूप बोलले होते. नंतर कळलं की हार्डनरमधलं अमाइन नावाचं रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी धरतं आणि तो थर येतो, साबणाच्या पाण्याने पुसला की जातो. त्यामुळे तो कापलेला अर्धा स्टार परत दिला.

आता झाकण. मला माहितीये की हजार-बाराशेच्या वस्तूत झाकणावर एवढं कोणी लिहीत नाही, पण माझं जे काही झालं ते त्या झाकणामुळे झालं असं माझं ठाम मत आहे. रेझिनच्या बाटलीला टोपी बरी आहे, चोच आहे. हार्डनरच्या बाटलीला मात्र साधं फिरकीचं झाकण, तोंडाला चोच नाही. ओतून बाटली सरळ केली की शेवटचा थेंब काठावर थांबतो, मग आट्यांमध्ये उतरतो, झाकण फिरवलं की दाबून बाहेर येतो आणि बाटलीच्या अंगावरून सावकाश खाली ओघळतो, अगदी काकवीसारखा. पुढच्या वेळी तुम्ही बाटली उचलता ती नेमकी तिथेच धरून. दोन महिन्यांत त्या ओघळाने लेबलची शाई विरघळली आणि कुठली ओळ पुसली गेली माहितीये? "हातमोजे वापरा" ही. मी खोटं सांगत नाही, फोटो टाकलाय.

ग्लोव्ह्ज किटमध्ये येतात, पण पाणीपुरीवाला घालतो ना तसले पातळ प्लास्टिकचे, बोटांत ढगळ, पिगमेंटची डबी उघडताना सटकतात. मी दुसऱ्या दिवसापासूनच घालणं सोडलं. हाताला लागलं की नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायचे, एका मिनिटात साफ, मला वाटायचं काय हुशार आयडिया आहे.

आमचे हे अंबडला एका कंपनीत कास्टिंग शॉपला आहेत, चौदा वर्षं झाली. करंट ट्रान्सफॉर्मर (विजेचा प्रवाह मोजायला लागतात ते) इपॉक्सीत ओततात, त्यात सिलिका पावडर घालून, व्हॅक्यूममध्ये हवा काढून, मग भट्टीत पकवतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाटली बघून सांगितलं होतं, अगं आमच्याकडे ड्रमवर मेलेला मासा आणि सुकलेलं झाड असतं, पाण्याला-पर्यावरणाला धोक्याची खूण, तुझ्या बाटलीवर सोनेरी फुलपाखरू आहे, माल मात्र चुलत भाऊच आहे. आणि कंपनीत ग्लोव्ह्जशिवाय सुपरवायझर आत सोडत नाही. मी म्हटलं तुमचा माल भट्टीत पकतो, माझा साध्या हवेत, माझा सौम्य असणार. उलटं आहे ते. साध्या हवेत पकतो कारण हार्डनर तेवढा तेज असतो. हे मला सहा महिन्यांनी डॉक्टरकडून कळलं आणि हे त्या दिवशी गाडीत एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

दिवाळीनंतर बोटांच्या बेचक्यात खाज सुरू झाली. भांड्याचा साबण बदलला, खोबरेल लावलं, सासूबाईंनी हळद लावायला लावली. कमी व्हायची, परत यायची. तेव्हाही रेझिनवर संशय नाही, कारण बाटलीवर मोठ्या अक्षरांत "नॉन टॉक्सिक".

मग संक्रांत. मी हळदीकुंकवाला वाण म्हणून कोयरीच्या आकाराचे ३१ करंडे केले होते. जानेवारीतली आपल्या नाशिकची थंडी, बाटलीत रेझिन साजूक तुपासारखं गोठून दाणेदार झालं होतं. ते खराब झालं म्हणून फेकू नका, कोमट पाण्यात बाटली ठेवली की पातळ होतं, पण दाणे पूर्ण विरघळेपर्यंत थांबा, मी थांबले नाही. वजन बरोबर केलं तरी गोठलेला भाग नीट मिसळला गेला नाही, थंडीत पकायलाही वेळ लागतो, आणि मला घाई, म्हणून दुसऱ्याच दिवशी पॉलिश पेपरने ३१ करंड्यांच्या कडा घासल्या. गॅलरीत, मास्कशिवाय. हाताला कडक लागतं म्हणजे पूर्ण पकलं असं नसतं, साधारण आठवडा जातो, थंडीत जास्तच. ती पांढरी धूळ म्हणजे अर्धं कच्चं रेझिन.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात. पापण्या पावासारख्या फुगलेल्या, गालावर लाल चट्टे. संध्याकाळी बायका आल्या, वाण घेतलं, आणि प्रत्येकीने हळूच विचारलं, घरात काही झालं का गं, रडलीस का? समोरच्या काकूंनी तर यांच्याकडे असं काही बघितलं की बिचारे स्वयंपाकघरात तिळगूळ मोजत बसले.

गंगापूर रोडला स्किनच्या डॉक्टरांनी हात आणि पापण्या बघून पहिला प्रश्न विचारला, काम काय करता? गृहिणी म्हटलं. मग घरात काय करता? तेव्हा रेझिन निघालं. पाठीवर पॅच टेस्ट लावली, म्हणजे कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघायला वेगवेगळ्या रसायनांचे ठिपके चिकटवतात, दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, ४८ तासांनी काढून बघतात आणि चौथ्या दिवशी परत. बाकी सगळे ठिपके साफ, इपॉक्सीचा एक लाल, फुगलेला, वर बारीक पुटकुळ्या. हार्डनर त्या नेहमीच्या सेटमध्ये नव्हता, त्यामुळे त्याचीही असू शकते म्हणाले. ही अ‍ॅलर्जी एकदा शरीराने धरली की आयुष्यभर राहते, पुढच्या वेळी थेंबभर पुरतो. आणि दाताच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा म्हणाले, कारण निळ्या लाइटने पक्कं करतात ते दाताचं सिमेंटही रेझिनचंच, काहींना त्याचाही त्रास होतो. रिमूव्हरचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. त्याने कातडीचं तेल निघून जातं आणि माल पातळ होऊन आत शिरायला सोपं होतं. आधी कोरड्या कागदाने पुसायचं, मग साबण-पाणी, बस. ग्लोव्ह्ज नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे), लॅटेक्सचे नाहीत, आणि थेंब पडला की लगेच बदलायचे.

फी, टेस्ट, मलम मिळून ४३०० झाले. किट ११९०. हिशोब तुम्हीच करा.

मग कस्टमर केअर. मुलगी गोड बोलली, मॅडम आपलं प्रॉडक्ट नॉन टॉक्सिक आहे, सर्टिफिकेट आहे. मी म्हटलं सर्टिफिकेट नको, सेफ्टी डेटा शीट (मालाचे धोके लिहिलेला कंपनीचा कागद) पाठव, हा शब्द यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिला होता. नऊ दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. दुसऱ्याच भागात स्पष्ट लिहिलंय, एच३१७ हा धोक्याचा कोड, म्हणजे त्वचेवर अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि खाली तोच मेलेला मासा. म्हणजे कंपनीला माहिती आहे, फक्त बाटलीला माहिती नाही. पूर्ण पकलेला तुकडा हातात धरायला निरुपद्रवी असतो हे मान्य, पण मी विकत घेते ते पकलेलं नाही ना, बाटलीतलं कच्चं घेते. भरपाई म्हणून त्यांनी २५० ग्रॅम हार्डनर फुकट पाठवला. झाकण तेच.

खाज उठली की झोप यायची नाही तेव्हा मोबाईलवर वाचत बसायचे. हे रेझिन बिस्फेनॉल ए आणि एपिक्लोरोहायड्रिन या दोन रसायनांपासून बनतं. बिस्फेनॉल म्हणजे आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीत चालत नाही तेच. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची मर्यादा आधीपेक्षा २०,००० पटीने खाली आणली आणि जानेवारी २०२५ पासून तिथे खाण्याच्या भांड्यांत आणि डब्यांच्या आतल्या थरात त्यावर बंदी लागू झाली, उद्योगांना बदलायला मुदत दिली आहे. आता यात आणि माझ्या खाजेत घोळ घालू नका, मीही आधी घातला होता. अ‍ॅलर्जी कच्च्या रेझिनच्या कणांची असते, बिस्फेनॉलचा प्रश्न वेगळा, पोटात जाण्याचा. कारखान्यात माप आणि तापमान कंट्रोलमध्ये असतं, माझ्या वजनकाट्यावर दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर आत काय कच्चं उरलं ते मला कसं कळणार? म्हणून दिवाळीत फराळाचे रेझिनचे सहा ट्रे विकले होते, त्या सगळ्यांना फोन केला. चकली थेट ठेवू नका, खाली केळीचं पान किंवा कागद घाला. एकीने पैसे परत मागितले, दिले. गरम चहाचा कप तर ठेवूच नका, नरम पडून गोल वण उठतो, तो जात नाही.

उरलेला माल सिंकमध्ये ओतू नका. मेलेला मासा उगाच छापत नाहीत, आपल्या नासर्डी नदीला आधीच काय कमी आहे, आणि ती पुढे गोदावरीलाच मिळते. दोन्ही मापात मिसळून, थोडं थोडं, पसरट डब्यात पक्कं करायचं आणि मग कचऱ्यात. थोडं थोडं का, तर ग्लासभर एकदम मिसळलं की तापतं, धूर निघतो, प्लास्टिकचा ग्लास वाकतो.

स्टार: रेझिनला चार. झाकणाला शून्य. "नॉन टॉक्सिक" लिहिणाऱ्याला काय द्यायचं ते इथे टाइप होत नाही. एकूण दोन, आणि त्यातला एक नणंदेच्या नेमप्लेटसाठी.

थोडं अ‍ॅड करते. ६०० ग्रॅम रेझिन आणि दोन बाटल्या हार्डनर शिल्लक होता, मला हात लावायचा नाही, कोणाला द्यायचा जीव होत नाही आणि फेकवत पण नाही. काल सुट्टी होती तर यांनी कंपनीतल्यासारखे जाड ग्लोव्ह्ज आणून गॅलरीच्या उंबऱ्याची भेग त्याने भरली, मी आतून दार लावून काचेतून बघत होते. झाल्यावर त्यांनी बाटली बंद केली, चिंधीने आट्या पुसल्या, खाली वर्तमानपत्र घातलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली, बघ, एवढंच करायचं असतं. आज सकाळी त्या पेपरवर गोल डाग आहे.