नॅप्थॉल की रिऍक्टिव्ह? वडगावच्या भाच्यासाठी

भाच्याने परवा विचारलं, मामा सुती सूत घरीच रंगवायचंय तर नॅप्थॉल घेऊ की रिऍक्टिव्ह, या दोन जातींच्या रंगांपैकी कुठला. डब्यावरचं 'पक्का रंग' वगैरे सोड, दोघांवरही तेच छापलेलं असतं.

नॅप्थॉलमध्ये तयार रंग मिळतच नाही, दोन अर्धवट वस्तू मिळतात, एक नॅप्थॉल आणि दुसरी बेस, दोन्ही सुतावर भेटल्या की रंग तयार होतो. नॅप्थॉल कॉस्टिक सोड्यात विरघळवून सूत बुडवायचं, पिळायचं, मग सोडियम नायट्राइट आणि ॲसिड घालून बर्फात तयार केलेल्या बेसमध्ये टाकलं की पिवळट लड डोळ्यासमोर लालभडक होते, मला अजून मजा वाटते. पण एप्रिलात बर्फ कमी पडला की बेस फेसाळतो आणि सगळं गटारात. लाल, मरून झकास, हिरव्याचं नाव नको. शेवटी उकळत्या साबणात नीट धुतलं नाही तर पदराचा रंग हाताला लागतो. आणि फास्ट रेड टीआरसारख्या काही बेसमधलं अमाईन नावाचं रसायन कॅन्सरकारक, 1994 मध्ये जर्मनीने अशांवर बंदी घातली, म्हणजे एक्स्पोर्टचं विसरच.

रिऍक्टिव्ह काळा म्हणजे मुळात एक एच-ॲसिड आणि दोन व्हिनाइल सल्फोन पॅरा एस्टर, हा रंगाचा कच्चा माल, तो जोडायचं काम कारखान्यातच झालेलं, आपल्याला फक्त मीठ, धुण्याचा सोडा आणि 60 अंश गरम पाणी. शेड भरपूर. खर्च मिठात आणि पाण्यात, कारण न चिकटलेला रंग निघेपर्यंत धुवत बसायचं, आणि बोअर आटली की बोंबललं.

लग्नाच्या लाल साड्यांच्या थोड्या लडी असतील, बर्फ जवळ असेल आणि बेस कुठला ते विचारून घेणार असशील तर नॅप्थॉल. रोज वेगळी शेड मागणारं गिऱ्हाईक असेल तर रिऍक्टिव्हच घे रे बाबा.