पत्ता बदलला तरी नाव तेच : वर्कशॉपमधील डीएनएसमास्कच्या वापराचा अनुभव

शिवाजी उद्यमनगरातील आमच्या वर्कशॉपमध्ये गेल्या पावसाळ्यापासून ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली घातलेला राउटर आणि त्यातील डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम वापरात आहे. काम एकच : नेटवर्कवरील संगणकाचा आयपी पत्ता काहीही असो, तो नावाने सापडला पाहिजे. ड्रॉइंगचा संगणक, बिलिंगचा संगणक, सीएनसी मशीनला प्रोग्राम पाठवणारा जुना संगणक, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि प्रिंटर एवढाच आमचा पसारा आहे. तरीही पत्ता बदलला की डेस्कटॉपवरचे शॉर्टकट मरतात आणि मशीनवरचा माणूस प्रोग्रामची वाट पाहत बसतो. ती कटकट आता जवळजवळ संपली आहे. ‘जवळजवळ’ का म्हणतो, ते पुढे सांगतो.

या व्यवस्थेचे मर्म असे, की पत्ते वाटणारा आणि नावे सांगणारा प्रोग्राम एकच आहे. संगणक डीएचसीपीद्वारे, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याच्या पद्धतीने, पत्ता मागतो तेव्हा सहसा आपले नावही त्याच मागणीतून कळवतो. डीएनएसमास्क ते नाव आणि दिलेला पत्ता एकत्र नोंदवतो आणि कोणी ते नाव विचारले की त्याच नोंदीतून उत्तर देतो. पत्ता बदलला तर नोंद आपोआप बदलते. कोणत्याही संगणकावरील होस्ट्स फाइल, म्हणजे नावे-पत्ते हाताने लिहिण्याची यादी, उघडावी लागत नाही. शिवाय अशा स्थानिक नावांच्या उत्तरासोबत तो मुळात शून्य सेकंदांची मुदत पाठवतो, म्हणजे विचारणाऱ्याने ते उत्तर साठवून ठेवू नये. मला हा बारकावा सर्वांत जास्त आवडला, कारण बदलत्या पत्त्यांच्या बाबतीत निम्मा घोळ जुन्या साठवलेल्या उत्तरांमुळे होतो.

याआधी आम्ही एमडीएनएसवर, म्हणजे शेवटी ‘.लोकल’ लागणाऱ्या नावांवर, काम भागवत होतो. त्यात मध्यवर्ती नोंदवही नसते. विचारणारा २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर, ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न टाकतो आणि ज्याचे नाव असेल तो स्वतः उत्तर देतो. एका खोलीतील चार उपकरणांसाठी ही सोय उत्तम आहे आणि प्रिंटर शोधण्यासाठी आम्ही ती आजही ठेवली आहे. पण हे प्रश्न राउटर ओलांडून दुसऱ्या नेटवर्कमध्ये जात नाहीत. आमचे वरच्या मजल्यावरील ऑफिस वेगळ्या नेटवर्कवर असल्याने तिथून खालचा संगणक नावाने कधी सापडलाच नाही. दोन संगणकांचे नाव एकच निघाले, तर एमडीएनएसमध्ये त्यातला एक आपल्या नावापुढे आकडा लावून मोकळा होतो. डीएनएसमास्कमध्ये मात्र नंतर आलेला संगणक ते नाव घेतो आणि आधीच्याच्या नोंदीतून ते निघून जाते. म्हणून एकाच डिस्कची नक्कल करून तयार केलेल्या संगणकांची नावे आधी बदलून घ्यावीत, किंवा राउटरमध्ये त्यांच्या मॅक पत्त्यासमोर, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकासमोर, नाव कायमचे लिहून टाकावे. असे लिहिलेले नाव दुसरा कोणी पळवू शकत नाही. आमचा रेकॉर्डर स्वतःचे नाव कळवतच नाही, त्याचीही सोय याच मार्गाने झाली.

नावाच्या शेपटीबद्दलही एक सूचना करतो. ‘.लोकल’ ही शेपटी २०१३ पासून एमडीएनएससाठी राखीव आहे. ती डीएनएसमास्कला दिली, तर काही संगणक राउटरला विचारण्याऐवजी नेटवर्कभर हाका मारत बसतात. घरगुती नेटवर्कसाठी ‘होम.आर्पा’ ही शेपटी २०१८ मध्ये राखून ठेवली गेली. आम्ही तीच घेतली आहे. आपल्या शेपटीचे प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटवरील सर्व्हरकडे, पाठवू नयेत, हेही सेटिंगमध्ये नोंदवावे.

आता त्या ‘जवळजवळ’विषयी. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये पत्तेवाटपाची नोंदवही मुळात राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत असते. फ्लॅश मेमरीवर सतत लिहून ती झिजू नये, हे त्यामागचे कारण रास्त आहे. पण लाईट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की नोंदवही कोरी होते. यूपीएसवर चालू राहिलेल्या संगणकाला अनेकदा यातले काहीच कळत नाही. पत्ता ठराविक मुदतीपुरताच दिलेला असतो; तो ही मुदत निम्मी सरल्यावरच पुन्हा मागणी करतो, म्हणजे १२ तासांच्या मुदतीत ६ तासांनी, आणि तोपर्यंत त्याचे नाव गायब असते. मुदत कमी केली तर ही पोकळी लहान होते. आम्ही महत्त्वाच्या संगणकांना मॅकनुसार नाव आणि पत्ता दोन्ही बांधून दिले आणि राउटरलाही एक छोटा यूपीएस जोडला. मग सगळेच पत्ते कायमचे का बांधू नयेत, असे कोणी विचारेल. चार यंत्रांपुरते ते ठीक आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या लॅपटॉपसाठी ती वही कोण सांभाळणार?

मोबाइलचा मामला निराळा आहे. हल्लीचे फोन नेटवर्कनुसार बनावट मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे त्यांना मॅकने ओळखण्याचा प्रयत्न करण्यात फारसा अर्थ नाही. फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएससाठी बाहेरचा सर्व्हर भरलेला असेल, तर तो आपल्या राउटरला विचारतच नाही आणि वर्कशॉपमधील एकही नाव त्याला सापडत नाही.

संगणकांवरही याच जातीची एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. दुरुस्तीला येणारी मुले सवयीने डीएनएसच्या दुसऱ्या खान्यात ८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता भरून जातात. पहिला बंद पडला तर दुसरा धावून येईल, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पहिल्याकडून उत्तराला जरा उशीर झाला, तरी संगणक दुसऱ्याला विचारतो. त्या बाहेरच्या सर्व्हरला आमच्या ड्रॉइंगच्या संगणकाचे नाव माहीत असण्याचा प्रश्नच नाही, म्हणून तो ‘असे नाव अस्तित्वात नाही’ असे ठाम उत्तर देतो आणि संगणक ते खरे मानून गप्प बसतो. नाव कधी सापडते, कधी सापडत नाही, अशी तक्रार आली की आम्ही राउटरकडे वळण्याआधी हा खाना पाहतो. तो रिकामा करून पत्त्याप्रमाणे डीएनएसही आपोआप घ्यायला सांगितले, की बहुतेक वेळा तिथेच काम होते.