जुन्या जहाजांची लॉगबुकं उतरवताना: ब्रिटिश की अमेरिकी?

लॉगबुक म्हणजे जहाजावरची रोजची नोंदवही. जुन्या लॉगबुकांतल्या हवामानाच्या नोंदी स्वयंसेवकांकडून उतरवून घेणारा ‘ओल्ड वेदर’ प्रकल्प २०१० मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश आरमाराच्या लॉगबुकांपासून सुरू झाला. आर्क्टिकमध्ये फिरलेली अमेरिकी जहाजं नंतर आली.

ब्रिटिश पानावर हवामानाच्या नोंदी साधारण दर चार तासांनी, म्हणजे दिवसाला सहाच्या आसपास. पान लवकर होतं, हात बसवायला उत्तम. अमेरिकी पानावर तासातासाची नोंद, चोवीस ओळी. वेळ खूप जातो, पण वादळ जवळ येताना वायुदाब कसा घसरत गेला हे तिथेच नीट दिसतं.

खरी गफलत वायुदाबाच्या रकान्यात होते. पहिल्या ओळीत २९.८७ (पाऱ्याची उंची, इंचांत) लिहून खाली नुसतं ‘८५’, ‘८२’ लिहिलेलं असतं. मधेच आकडा ३० वर गेला आणि तुम्ही २९ धरलात, तर एक इंच, म्हणजे सुमारे ३४ हेक्टोपास्कलची (वायुदाबाचं आजचं एकक) चूक! म्हणून आधी वरखालच्या ओळी वाचा. बॅरोमीटरला जोडलेल्या तापमापकाचा आकडाही गाळू नका. पारा उष्णतेने प्रसरण पावतो, त्याची दुरुस्ती त्यावरूनच करतात. १ आणि ७ मध्ये शंका असेल तर त्याच माणसाने लिहिलेल्या तारखा बघा.

बर्फासाठी मात्र अमेरिकी लॉगबुकंच घ्यावीत. १८७९ मध्ये बर्फात अडकलेल्या ‘जॅनेट’ या जहाजाचीही त्यांत आहेत. बर्फाचा उल्लेख बहुधा शेऱ्यांत सापडतो, त्यामुळे फक्त आकडे उतरवून पुढे गेलात तर तोच निसटतो.