टेम्पो आत्ता घ्यायचा की हायड्रोजनची वाट बघायची?

माझा भाचा मानखुर्दला राहतो. पहाटे वाशीच्या एपीएमसीतून भाजी उचलायची आणि दादरला टाकायची, हा त्याचा धंदा. जुना डिझेल टेम्पो आता काढायचाय. परवा म्हणाला, "मामा, हायड्रोजनच्या गाड्या येतायत म्हणे. धूर नाही, नुसतं पाणी. दोन वर्षं थांबू का?"

मी त्याला थांबू नको म्हटलं. का, ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

हायड्रोजनच्या गाडीतून पाण्याची वाफच निघते, हे अगदी खरं. पण तो आधी बनवावा लागतो. पाणी फोडून 1 किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज जाते. मग तो 350 किंवा 700 बार दाबाने टाकीत कोंबायचा (आपल्या सीएनजीचा दाब 200 बारच्या आसपास असतो), फ्युएल सेलमध्ये त्याची परत वीज करायची आणि तिच्यावर मोटर फिरवायची. चाकापर्यंत पोचतात जेमतेम 15-16 युनिट. तेवढीच वीज सरळ बॅटरीत भरली तर 40 पोचतात.

भाच्याची रोजची फेरी 50 किलोमीटरच्या आत. माझा हिशेब ढोबळ आहे, पण चित्र स्पष्ट होतं. डिझेलला सव्वातीन लिटर लागतं, म्हणजे 9 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. शिवाय काजळी, आणि ती सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याच्या छातीत जाते. डिझेलचा विषय माझ्यापुरता इथेच संपला. सीएनजी अडीच किलो, म्हणजे 7 किलोला थोडं कमी. इलेक्ट्रिकला भिंतीतून 10 युनिट. आपल्याकडे एका युनिटमागे अजूनही साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे तेही 7 किलो. आणि त्याच ग्रीडच्या, म्हणजे घरात तारांमधून येणाऱ्या, विजेवर हायड्रोजन केला तर? अर्धा किलो लागेल, त्याला 27 युनिट, म्हणजे 19 किलो. डिझेलच्या दुप्पट! सौर किंवा पवनऊर्जेवर केला तरच हायड्रोजन स्वच्छ. पण तशी वीज हाताशी असेल, तर ती थेट बॅटरीत का भरू नये?

म्हणून हायड्रोजन टाकाऊ ठरत नाही. उलट तो आपल्या शेजारी रोज वापरला जातो. चेंबूरच्या आरसीएफ या खत कारखान्यात खतासाठी अमोनिया बनतो, त्याला हायड्रोजनच लागतो. माहुलच्या रिफायनऱ्यांत डिझेलमधलं गंधक काढायलाही तोच. असा हायड्रोजन जगभर मुख्यतः नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून काढतात. नैसर्गिक वायूपासून काढला तर किलोमागे 9-10 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. खताला बॅटरी चालत नाही, तिथे हायड्रोजनला पर्यायच नाही. पोलादाचं आणि मोठ्या जहाजांचंही बरंचसं तसंच. 2023 साली केंद्राने हरित (म्हणजे सौर-पवनसारख्या स्वच्छ विजेवर केलेल्या) हायड्रोजनच्या मिशनला 19,744 कोटी मंजूर केले, 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. तो हायड्रोजन आधी खतात आणि रिफायनरीत जावा असं मला मनापासून वाटतं. चेंबूर-माहुलच्या लोकांनी या कारखान्यांच्या शेजारी आयुष्यं काढली आहेत.

आता निवड उरते सीएनजी आणि इलेक्ट्रिकमध्ये. सीएनजीला पंपावरची लाईन आहे, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) आहे. पण गाडी कुठेही उभी करा, चालते. इलेक्ट्रिकला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, आणि ग्रीडमध्ये सौर वीज वाढेल तसा त्याच गाडीचा 7 किलोचा आकडा आपोआप खाली येईल. फक्त रात्री प्लग लागला पाहिजे.

भाच्याचा टेम्पो रात्री गल्लीत उभा असतो. तिथे मीटर नाही, आणि तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणं म्हणजे पावसाळ्यात जिवाशी खेळ. त्याला मी सीएनजी घ्यायला सांगितलं. त्याच्याबरोबर भाजी आणणाऱ्या मित्राला सोसायटीत पार्किंग आहे, खांबावर 15 अँपिअरचा पॉइंटही आहे. त्याला सांगितलं, सेक्रेटरीकडून सबमीटरचं लेखी घे आणि इलेक्ट्रिक बुक कर.