शेअर्ड होस्टिंग घ्यावं की व्हीपीएस?

मामेभावाने वाचनालयाची साइट लॅपटॉपवर उभी केली. कोड पीएचपीत, पुस्तकांची यादी मायएसक्यूएल डेटाबेसात. आता ती चढवायची कुठे, इथे घोडं अडलं. शेअर्ड म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, सांभाळणार होस्टिंगवाला. व्हीपीएस म्हणजे सर्व्हरचा वेगळा हिस्सा, सांभाळायचा आपण. 'अनलिमिटेड'च्या जाहिराती सोडून देऊ.

खर्चात शेअर्ड स्वस्त. व्हीपीएसचं भाडंही परवडतं, पण अपडेट, फायरवॉल, बॅकअप यांत जाणारा वेळ कोणी बिलात धरत नाही.

खरी मेख डेटाबेस हलवण्यात. शेअर्डवर पीएचपीमायअॅडमिन या ब्राउझरमधल्या साधनातून डम्प, म्हणजे डेटाबेसची अख्खी प्रत असलेली फाइल, इम्पोर्ट करायचा. फाइल मोठी निघाली की अपलोडची मर्यादा आडवी येते, मग तुकडे करत बसा. व्हीपीएसवर एसएसएचने (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) आत शिरलं की एका ओळीत काम. दोन्हीकडे कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, मात्र आधी बघा. टेबल लॅटिन१ (यात देवनागरी बसत नाही) राहिलं तर 'कवितासंग्रह'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात (माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली). यूटीएफ८एमबी४ ठेवा.

रोजच्या बदलांत शेअर्डवर एफटीपीने, म्हणजे हाताने फाइली चढवताना, एक फाइल चढते, दुसरी राहून जाते. व्हीपीएसवर गिट पुल: गिट कोडच्या बदलांची नोंद ठेवतं, पुल केलं की सगळे बदल एकदम येतात. बिघडलं तर मागच्या कमिटवर (नोंदवलेल्या टप्प्यावर) परत. डेटाबेस मात्र गिटने मागे जात नाही, आधी मायएसक्यूएलडम्प या कमांडने त्याची प्रत घ्यायचीच.

सुरक्षेची जबाबदारी व्हीपीएसवर तुमची: मायएसक्यूएलचा ३३०६ पोर्ट बाहेरच्यांना बंद, डेटाबेस फक्त १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच सर्व्हरच्या आतून पोचता येईल असा.

महिन्यातून एकदा हात लावणाऱ्याने शेअर्ड घ्यावं. दर आठवड्याला कोड बदलतोय, किंवा जँगोसारखं (पायथनमधली वेबची चौकट) काही चालवायचंय, त्याने व्हीपीएस. भावाला मी शेअर्डच घ्यायला लावलं.